जाणत्या हातांसाठी संगणकाची सूचनापत्रके : एक अभ्यास

प्रास्ताविक



रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात खाटांची संख्या, झालेल्या शस्त्रक्रिया आणि नव्याने आलेली यंत्रसामग्री यांची माहिती असतेच. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने अगदी लहान वाटेल. तो आहे संगणकाशेजारी भिंतीवर लावलेल्या सूचनापत्रकाचा. ‘हे काम संगणकावर कसे करावे’ हे सांगणारा हा एक कागद असतो. त्याला खर्च जवळजवळ नाही. मात्र लाखो रुपयांची प्रणाली नीट चालणार की नाही, हे बहुधा या कागदावर ठरते. रात्री दोन वाजता वॉर्डात मदतीला कोणी नसते, तेव्हा तर सर्वस्वी त्याच्यावरच ठरते.

गेल्या दोन दशकांत रुग्णालयाच्या कामाचे स्वरूप पालटले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ मध्ये धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना अमलात आली आणि निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दरात राखून ठेवणे आणि त्यांचा हिशेब देणे बंधनकारक झाले. क्षयरुग्णांची नोंद शासनास कळवणे २०१२ पासून सक्तीचे झाले आणि त्याच वर्षी ‘निक्षय’ ही संगणकीय प्रणाली आली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यव्यापी झाली, तेव्हा नाशिक जिल्हाही तिच्या कक्षेत आला. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. या योजनेत उपचाराची पूर्वमंजुरीही संगणकाद्वारेच मिळवावी लागते. जानेवारी २०२१ मध्ये कोविड लसीकरणास आरंभ झाला, तेव्हा ‘कोविन’वरील नोंद हा त्या कामाचा अविभाज्य भाग होता.

या प्रत्येक टप्प्यावर पडद्यासमोर बसण्याची वेळ आली ती पंचवीस-तीस वर्षे सेवा केलेल्या इन्चार्ज सिस्टरवर, प्रयोगशाळेतील ज्येष्ठ तंत्रज्ञांवर, औषधनिर्मात्यांवर आणि ज्यांचे सारे आयुष्य कागद-लेखणीवर गेले अशा डॉक्टरांवर. ही मंडळी आपापल्या विषयात निष्णात आहेत, संगणकाच्या बाबतीत मात्र त्यांचा सराव अल्प आहे. त्यांच्यासाठी सूचना कशा लिहाव्यात, याचा ऊहापोह येथे करावयाचा आहे.

एकाच व्यक्तीत तज्ज्ञ आणि नवशिका

अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ हा ग्रंथ लिहिला. ड्रायफस बंधूंनी मांडलेल्या कौशल्यविकासाच्या प्रतिमानाचा आधार घेऊन त्यांनी परिचारिकेच्या वाटचालीच्या पाच पायऱ्या सांगितल्या. नवशिकी परिचारिका नियम पाळते. तज्ज्ञ परिचारिका परिस्थिती ओळखते. रुग्णाचा चेहरा, त्याचा श्वास, नातेवाइकांचे एखादे वाक्य यांवरून काहीतरी बिघडत असल्याचे तिला आकडे बदलण्यापूर्वीच जाणवते. याच ग्रंथात बेनर यांनी असेही नमूद केले आहे, की अनुभवी परिचारिकाही पूर्णपणे अपरिचित विभागात गेली तर तेथे तिची पायरी नवशिक्याची होऊ शकते.

संगणकाचा पडदा हा असाच एक अपरिचित विभाग होय. तेथे बसलेल्या ज्येष्ठ सिस्टरांना रुग्णाला काय द्यावयाचे, किती, केव्हा आणि का, हे सारे ठाऊक असते. ठाऊक नसते ते एवढेच, की त्यासाठी बोट कोठे ठेवावयाचे आणि चुकीच्या जागी पडले तर परत कसे फिरावयाचे. म्हणजे ‘काय’ आणि ‘का’ यांची उत्तरे त्यांच्यापाशी असतात, ‘कोठे’ आणि ‘मग काय होईल’ यांची नसतात.

प्रचलित सूचनापत्रके मात्र बहुतेक वेळा दोनपैकी एक चूक करतात. काही पत्रके वाचकाला बालक समजतात. रक्तदाबाची नोंद का महत्त्वाची, हे तीस वर्षे रक्तदाब मोजणाऱ्या व्यक्तीला समजावून सांगतात. काही वाचकाला संगणक अभियंता समजतात. ‘मॉड्यूलमध्ये लॉगिन करून आवश्यक पॅरामीटर्स एंटर करावेत’ एवढे लिहून थांबतात. पहिल्या प्रकारात अपमान होतो, दुसऱ्यात अडवणूक. परिणाम दोन्हींचा एकच : कागद कोणी वाचत नाही.

मग वॉर्डात एक पळवाट रूढ होते. ‘एवढी नोंद जरा करून दे गं,’ असे नव्याने रुजू झालेल्या मुलीला सांगितले जाते. तिची बोटे सराईत असतात. नोंद होते, पण ती ज्येष्ठ सिस्टरांच्या नावाने आणि त्यांच्या पासवर्डने होते. ज्या जाणत्या नजरेला मात्रेतील विसंगती तत्काळ दिसली असती, ती नजर पडद्यापर्यंत पोहोचतच नाही. ज्ञान एकाकडे, कळफलक दुसऱ्याकडे आणि जबाबदारी कोणाची, हे अनिश्चित. सूचनापत्रकाचा प्रश्न सोयीचा नसून रुग्णाच्या सुरक्षिततेचा आहे, तो या कारणाने.

थेरॅक-२५ : एका संदेशाची किंमत

या संदर्भात वैद्यकीय यंत्रांच्या इतिहासातील एक घटना सर्वांनी जाणून घेण्यासारखी आहे. कर्करोगावरील किरणोपचारासाठी कॅनडात तयार झालेले ‘थेरॅक-२५’ हे यंत्र पूर्णतः संगणकाच्या नियंत्रणाखाली चाले. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडातील सहा रुग्णांना या यंत्रातून प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक किरणमात्रा मिळाली आणि त्यातील काही रुग्ण दगावले.

अमेरिकेतील टेक्सास राज्यातील टायलर या गावी मार्च १९८६ मध्ये काय घडले, ते तपशिलाने उपलब्ध आहे. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ आपल्या कामात अतिशय सराईत होत्या. उपचाराचा प्रकार टंकित करताना एक अक्षर चुकले. त्यांनी ते लगेच वर जाऊन दुरुस्त केले आणि उपचार सुरू केला. पडद्यावर संदेश उमटला : ‘मालफंक्शन ५४’. मात्रा कमी गेल्याचेही पडद्यावर दिसत होते. असे संदेश त्या यंत्रावर वारंवार येत आणि एक कळ दाबून काम पुढे चालू ठेवता येई. तंत्रज्ञांनी ती कळ दाबली. वस्तुतः रुग्णाला पहिल्याच वेळी भयंकर मात्रा मिळाली होती. आता ती पुन्हा मिळाली. यंत्रासोबतच्या कागदपत्रांत ५४ या आकड्याचा अर्थ जवळजवळ काहीच कळणार नाही अशा सांकेतिक शब्दांत दिलेला होता, आणि हा संदेश धोक्याचा असू शकतो असे कोठेही म्हटले नव्हते.

पुढच्याच महिन्यात तेथेच तसाच दुसरा अपघात झाला. त्यानंतर रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याच तंत्रज्ञ यंत्रासमोर बसले आणि आपण त्या दिवशी नेमके काय, कोणत्या क्रमाने व किती वेगाने टंकित केले, हे त्यांनी आठवून पुन्हा पुन्हा करून पाहिले. अखेरीस तो दोष त्यांना हुकमी घडवून आणता आला. दुरुस्ती ठरावीक वेगाने केली, की यंत्राची आतील व्यवस्था आणि पडद्यावरील आकडे यांचा मेळ तुटत होता.

मूळ दोष यंत्राच्या आज्ञावलीत होता. तंत्रज्ञांचा त्यात दोष नव्हता आणि केवळ उत्तम सूचनापत्रकाने तो दोष नाहीसाही झाला नसता. तरीही या घटनेतून दोन बोध मिळतात. पहिला असा, की ज्या संदेशाचा अर्थ सांगितलेला नाही, त्या संदेशाकडे जाणता माणूसही सवयीने दुर्लक्ष करू लागतो. दुसरा असा, की यंत्राचा दोष शेवटी उघड झाला तो रोज यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीच्या हातांच्या स्मरणशक्तीमुळे. अशा व्यक्तीला पडद्यावर काय चालले आहे ते समजत असेल, तर ती यंत्राचीही राखण करते. म्हणून चांगल्या सूचनापत्रकाने कोणती कळ दाबावी हे सांगावेच, आणि पडद्यावर काय दिसले म्हणजे सारे ठीक व काय दिसले तर थांबावे, हेही सांगावे.

अनुभवी माणूस पुस्तिका का वाचत नाही?

‘पुस्तिका दिली होती, पण कोणी वाचत नाही,’ ही तक्रार जगभर ऐकू येते. आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या तक्रारीचा अभ्यास केला. कार्यालयात वर्षानुवर्षे पत्रव्यवहार सांभाळणारे कर्मचारी संगणकावर लेखन शिकत असताना त्यांचे निरीक्षण करण्यात आले. ही माणसे आळशी नव्हती. त्यांना आपले काम पुढे न्यायचे होते. प्रास्ताविके, आढावे आणि सराव-प्रश्न यांत अडकून पडणे त्यांना नको होते. ती पाने गाळून थेट कामाला हात घालीत आणि पहिली चूक होताच अडकत, कारण चूक झाल्यावर काय करावे, हे पुस्तिकेत नसे.

त्यावर कॅरोल यांनी अत्यंत संक्षिप्त पुस्तिका तयार केली. तीत पहिल्याच पानावर खरे काम होते. वाचकाला आधीच ठाऊक असलेली माहिती वगळली होती. सहज होणाऱ्या चुका ओळखून त्यांतून बाहेर पडण्याचा मार्ग तेथल्या तेथे दिला होता. जाड पुस्तिकेने शिकणाऱ्यांपेक्षा या पुस्तिकेने शिकणाऱ्यांना कमी वेळात अधिक काम जमू लागले.

शस्त्रक्रियागृहातील अनुभवही याच दिशेने निर्देश करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणीसूची प्रसृत केली. ती शल्यविशारदाला शस्त्रक्रिया शिकवीत नाही. रुग्ण तोच ना, जागा तीच ना, ॲलर्जी आहे का, एवढेच ठरावीक क्षणी विचारायला लावते. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा वापर करून पाहिला असता शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात हीच सूची आदेशाने सर्वत्र लागू झाली, तेव्हा मात्र तेथील १०१ रुग्णालयांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणीय फरक आढळला नाही. कागद तोच असला, तरी तो आपलासा करून घेतला आहे की नुसता वरून आला आहे, यावर फळ अवलंबून असते.

नाशिकची परंपरा

आपल्या नाशिकला या विषयाची स्वतःची परंपरा आहे. १९८९ मध्ये येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. शेतकरी, कामगार, गृहिणी, नोकरदार अशा, जीवनानुभवाने समृद्ध परंतु वर्गात येऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मराठीतून स्वयं-अध्ययनाची पुस्तके लिहिणे, हा या विद्यापीठाच्या कार्याचा गाभा होय. शिक्षक समोर नसताना पानानेच शिक्षक व्हावयाचे, विद्यार्थी कोठे अडखळेल ते आधीच ओळखावयाचे आणि त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून आरंभ करावयाचा, हे या लेखनाचे सूत्र आहे.

पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने गावोगावी संगणकाची ओळख करून दिली. कारकून, शिक्षक, परिचारिका अशा असंख्य प्रौढांनी या निमित्ताने प्रथमच माऊस हाती धरला. हे ऋण मोठे आहे. तथापि सर्वसाधारण संगणक-साक्षरता आणि वॉर्डातील विशिष्ट काम यांत एक अंतर उरतेच. पत्र टंकित करता येणे आणि रुग्णाच्या नावे इन्सुलिनची मागणी बिनचूक नोंदवता येणे या भिन्न गोष्टी आहेत. हे अंतर सूचनापत्रकाने भरून काढावयाचे असते.

मराठी सूचनांच्या खास अडचणी

परदेशी तत्त्वे आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. मराठीतून सूचना लिहिताना काही खास अडचणी येतात आणि त्यांतील प्रत्येकीचा संबंध रुग्णाशी पोहोचतो.

पहिली अडचण शब्दांची. पडद्यावर बटणाचे नाव इंग्रजीत असते आणि सूचनापत्रकात ‘जतन करा’ असे लिहिलेले असते. वाचणारी व्यक्ती पडद्यावर ‘जतन’ शोधीत राहते. मराठीचा अभिमान योग्यच आहे. परंतु येथे नियम एकच असावा, की पडद्यावर जे अक्षर दिसते तेच कागदावर त्याच लिपीत व त्याच आकारात छापावे आणि भोवतालचे वाक्य सुबोध मराठीत लिहावे. ‘कर्सर’, ‘क्लिक’, ‘माऊस’ हे रूढ झालेले शब्द तसेच ठेवावेत. एका वस्तूला एकच नाव द्यावे. पहिल्या ओळीत ‘पडदा’, तिसरीत ‘स्क्रीन’ आणि पाचवीत ‘विंडो’ असे लिहिल्यास वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात.

दुसरी अडचण अंकांची, आणि ती गंभीर आहे. देवनागरी ‘१’ हा घाईच्या हस्ताक्षरात इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी ‘४’ इंग्रजी आठसारखा. केसपेपरवर एकाने देवनागरीत लिहिलेली मात्रा दुसऱ्याने इंग्रजी समजून संगणकात भरली, तर काय अनर्थ होईल, हे सांगावयास नको. शिवाय संगणकाच्या दृष्टीने दोन्ही लिप्यांतील अंक ही वेगवेगळी चिन्हे असतात. एका लिपीत नोंदलेला क्रमांक दुसऱ्या लिपीत शोधल्यास सापडेलच असे नाही. म्हणून प्रणालीत कोणत्या लिपीचे अंक भरावयाचे, हे प्रत्येक पत्रकावर ठळकपणे लिहावे. मात्रा लिहिताना दशांश चिन्हापूर्वी शून्य लिहावे आणि पूर्णांकानंतर विनाकारण दशांश शून्य लिहू नये. पुसट टिंबामुळे १.० चे १० होतात.

तिसरी अडचण नावांची. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून येणाऱ्या रुग्णांत पवार, गावित, चौधरी, भोये अशी आडनावे वारंवार येतात. नावही तेच आणि वडिलांचे नावही तेच, असे रुग्ण एकाच आठवड्यात भेटू शकतात. ग्रामीण भागात अनेकजण आडनाव आधी सांगतात, तर पडद्यावरील पहिली चौकट स्वतःचे नाव मागते. एकच मराठी आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. परिणामी एकाच रुग्णाच्या दोन नोंदी होतात आणि जुन्या नोंदीतील ॲलर्जीची माहिती नव्या नोंदीत दिसत नाही. नोंदणी खिडकीवरील सूचनापत्रकात म्हणून ‘नाव विचारावे’ एवढे पुरेसे नाही. आधी जुना केसपेपर विचारावा, नंतर मोबाइल क्रमांकाने शोधावे, त्यानंतर गाव व वय ताडून पाहावे आणि शेवटीच नवी नोंद करावी, असा क्रम दिला पाहिजे.

चौथी अडचण दिनांकाची. आपण आधी दिवस व मग महिना लिहितो. काही प्रणाली आधी महिना मागतात. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हा घोळ टाळण्यासाठी पत्रकात एक पूर्ण उदाहरण छापावे.

एक उदाहरण

उपरोक्त विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून नमुन्यादाखल एक सूचना पाहू. वॉर्डातून औषधे मागवण्यासंबंधी सर्वसाधारणपणे अशी सूचना आढळते :

‘युजरने आयपीडी मॉड्यूलमध्ये लॉगिन करून इंडेंट सब-मॉड्यूल सिलेक्ट करावे. आवश्यक त्या सर्व फील्ड्स फिल करून रेकॉर्ड सबमिट करावे. एरर आल्यास ॲडमिनशी संपर्क साधावा.’

याच कामाचे पत्रक पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

काम : रुग्णाच्या नावे औषध मागवणे.

हाताशी घ्यावे : केसपेपर आणि डॉक्टरांची सही असलेले त्या दिवसाचे औषधपत्रक.

१. पडद्याच्या डाव्या बाजूच्या यादीत ‘इंडेंट’ या शब्दावर एकदा क्लिक करावे. रिकामा तक्ता उघडेल.

२. सर्वांत वरच्या चौकटीत आंतररुग्ण क्रमांक इंग्रजी अंकांत लिहून ‘एंटर’ दाबावे. नाव, वय व खाट क्रमांक आपोआप दिसतील.

३. येथे थांबावे. तिन्ही गोष्टी केसपेपरशी ताडून पाहाव्यात. एक जरी जुळली नाही, तरी ‘क्लिअर’ दाबून क्रमांक २ पासून पुन्हा आरंभ करावा.

४. औषधाच्या चौकटीत नावाची पहिली चार अक्षरे लिहावीत. खाली यादी येईल. नाव आणि मिलिग्रॅम ही दोन्ही वाचून मगच निवड करावी.

५. संख्या लिहावी. ही संख्या गोळ्यांची आहे, पट्ट्यांची नव्हे.

६. ‘सेव्ह’ दाबावे. हिरव्या पट्टीत मागणी क्रमांक दिसेल. तो औषधपत्रकावर लिहून ठेवावा. क्रमांक दिसला नाही, तर मागणी गेलेली नाही.

चूक झाल्यास : ‘सेव्ह’ दाबण्यापूर्वी ‘क्लिअर’ दाबावे, काहीही बिघडत नाही. ‘सेव्ह’नंतर चूक लक्षात आल्यास औषध विभागास दूरध्वनी करून मागणी क्रमांक सांगावा, दुसरी मागणी करू नये.

संगणक बंद असल्यास : छापील मागणीपुस्तक वापरावे. संगणक सुरू झाल्यावर नोंद करताना शेऱ्यात पुस्तकातील क्रमांक लिहावा.

दुसरे पत्रक लांबीने मोठे आहे, परंतु वाचावयास अधिक वेळ घेत नाही. औषध का द्यावे, कसे द्यावे, याविषयी त्यात एक शब्दही नाही, कारण ते सिस्टरांना लिहिणाऱ्यापेक्षा अधिक कळते. प्रत्येक कृतीनंतर पडद्यावर काय दिसेल, ते मात्र सांगितले आहे. जेथे जाणत्या नजरेची गरज आहे, तेथेच थांबावयास सांगितले आहे. ‘काहीही बिघडत नाही’ हे तीन शब्द अनावश्यक वाटतील. पण आपल्या स्पर्शाने यंत्र बिघडेल, ही भीती ज्येष्ठांच्या मनात खोल असते आणि ती दूर झाल्याखेरीज हात कळफलकावर स्थिरावत नाही. पाचव्या सूचनेतील गोळ्या व पट्ट्या यांचा भेद संगणक जाणणाऱ्याला सुचणार नाही; तो वॉर्डात काम केलेल्या व्यक्तीलाच सुचतो. म्हणून पत्रकाचे लेखन दोघांनी मिळून करावे.

पत्रक तयार करण्याची पद्धत

प्रथम काम पाहावे. लिहिणाऱ्याने एक संपूर्ण पाळी वॉर्डात बसून ते काम कागदावर कसे होत होते आणि संगणकावर कसे होते, याची टिपणे घ्यावीत. कामाचा जो क्रम सिस्टरांच्या हाती रुळला आहे, तोच शक्यतो सूचनांचा क्रम ठेवावा.

दुसरे म्हणजे एका कामास एकच पत्रक आणि एका वाक्यात एकच कृती असावी. भाषा आदरयुक्त असावी. ‘करावे’, ‘दाबावे’ ही रूपे आपल्याकडे रूढ आहेत आणि ती शोभतात. पत्रकाच्या शीर्षकात ‘अगदी सोपे’ असे लिहू नये. ज्याला ते जमत नाही, त्याच्या मनाला हा शब्द बोचतो.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, पत्रकाची परीक्षा घ्यावी. ज्येष्ठ व्यक्तीस पत्रक देऊन काम करण्याची विनंती करावी आणि लिहिणाऱ्याने शेजारी मौन बसावे. बोट जेथे थबकेल, तेथे पत्रकात उणीव आहे असे समजून खूण करावी. ही परीक्षा पत्रकाची आहे, आपली नव्हे, हे त्या व्यक्तीस आधीच सांगावे. रात्रपाळीतही अशी परीक्षा व्हावी, कारण मंद दिव्यात लहान अक्षर दिसत नाही, हे दिवसा कळत नाही.

चौथे, पत्रकावर दिनांक आणि जबाबदार विभागाचे नाव असावे. प्रणाली बदलली की पत्रक बदलावे आणि जुने भिंतीवरून काढून टाकावे; दोन परस्परविरोधी कागद एकाही कागदापेक्षा घातक ठरतात. धर्मादाय योजनेतील उत्पन्नमर्यादेसारख्या, शासनाकडून वेळोवेळी बदलणाऱ्या बाबी कायम पत्रकात छापू नयेत. पत्रकावर पासवर्ड तर कदापि लिहू नये.

देणगीदार व आप्तेष्टांस निवेदन

देणगीतून येणारे यंत्र डोळ्यांना दिसते, त्यावर नावाची पाटी लागते. त्या यंत्राचा उपयोग करणाऱ्यांसाठी पत्रके लिहिण्याचा, ती तपासण्याचा आणि कर्मचाऱ्यांना त्यासाठी कामातून थोडी सवड देण्याचा खर्च दिसत नाही. संगणक-प्रणालीसाठी देणगी देताना या अदृश्य कामासाठीही तरतूद आहे काय, असे देणगीदारांनी अवश्य विचारावे. विश्वस्तांनी नव्या प्रणालीच्या स्वीकृतीपूर्वी तिची मराठी पत्रके वॉर्डातील ज्येष्ठांकडून तपासून घेण्याची अट घालावी.

धर्मादाय संस्थेस यात आणखी एक कर्तव्य आहे. निर्धन रुग्णाची नोंद संगणकात चुकीच्या वर्गात पडली, तर कागदोपत्री तो पात्र असूनही त्याच्या हाती देयक पडते. जो माणूस आधीच संकोचून खिडकीशी उभा आहे, तो वाद घालीत नाही. तो दागिना गहाण ठेवतो. एका चौकटीतील एका खुणेवर हे अवलंबून असते, आणि ती खूण कोठे करावी हे सांगणारा कागद आपल्याच हाती आहे.

रुग्णांच्या आप्तेष्टांनीही साहाय्य करावे. जुना केसपेपर सोबत आणावा. आधारपत्रावर किंवा शिधापत्रिकेवर जसे नाव आहे तसेच सांगावे. खाटेवरील व अहवालावरील नाव, वय आणि गाव वाचून पाहावे आणि तफावत दिसल्यास निःसंकोच सिस्टरांच्या निदर्शनास आणावी. नोंदीस वेळ लागत असेल, तर धीर धरावा. पडद्यावरील नाव हातातील केसपेपरशी ताडून पाहणारी व्यक्ती आपल्याच रुग्णाचे रक्षण करीत असते.

समारोप

येत्या काळात रुग्णालयातील बहुतांश नोंदी संगणकावर जातील, यात शंका नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ झाल्यापासून ही वाटचाल अधिकच वेगवान झाली आहे. आज ज्या सिस्टरांना माऊस परका वाटतो, त्या काही वर्षांत निवृत्त होतील आणि प्रश्न आपोआप मिटेल, असे म्हणणारेही भेटतात. परंतु प्रणाली दर काही वर्षांनी बदलतात आणि आजचे तरुण उद्या नव्या पडद्यासमोर पुन्हा नवशिके ठरणार आहेत. शिवाय निवृत्तीबरोबर केवळ संगणकाची भीती जात नाही, रुग्णाकडे पाहण्याची तीस वर्षांची जाणही जाते. ती जाण जोवर आपल्यात आहे, तोवर तिला पडद्यापर्यंत पोहोचण्याची वाट करून देणे, हे संस्थेचे काम आहे. त्यासाठी लागणारा कागद स्वस्त आहे. लागते ती समोरच्या माणसाच्या ज्ञानाविषयीची आस्था. आपणा सर्वांच्या सहकार्याने प्रत्येक वॉर्डात असा कागद लागावा, ही नम्र अपेक्षा.